खुड्याचा रंग

भुईगाव
२ नोव्हेंबर २००१

फेबियन पोरा,

हे पत्र तू फोडणार नाहीस. एमिली फोडील आणि तू जेवायला बसलास की मागे उभी राहून मोठ्याने वाचील. म्हणून आधी सुनेलाच सांगते. बाय, सावकाश वाच, आणि हा ताटावरून उठला तर मागे मागे जाऊन वाच. मस्कतची तुमची खोली केवढी ती, जाऊन जाऊन जाईल कुठे.

लिहायला शेजारची रोझलिन बसली आहे. मी बोलते ते ती धुऊन इस्त्री करून लिहिते. मी 'मेल्या' म्हटलं की ती 'प्रिय' लिहू का विचारते. तेव्हा पुढे कुठे प्रिय दिसलं तर काय समजायचं ते समज. वरचं 'पोरा' मात्र माझं आहे.

आज मृतांचा दिवस. सिमेटरीत जाऊन मेणबत्त्या लावून आले. तुझ्या बापाच्या नावाने मागच्या हाडांच्या विहिरीच्या कठड्यावर एक आणि तुझ्या शॉनच्या कबरीवर एक. वारा फार होता. बापाची शहाण्यासारखी जळत राहिली, पोराची सारखी विझत होती. काडेपेटी रिकामी व्हायला आली तेव्हा म्हटलं, बरं, नको तर नको, झोप.

निघताना फादरांनी हाक मारली. शॉनच्या रांगेची पाळी आली आहे म्हणाले. नाताळानंतर तीन राजांचा सण झाला की उघडणार.

आपल्याकडे कसं असतं ते तुला सांगायला नको. जागा एवढीशी, आणि मरणारे काही जागा बघून मरत नाहीत. पाळी आली की कबर उघडायची, हाडं धुऊन पांढऱ्या कापडात घ्यायची आणि मागच्या विहिरीत आधीच्यांच्या सोबतीला सोडायची. तुझ्या बापाच्या वेळी कापड तू धरलं होतंस. मिसरूडही फुटलं नव्हतं तुला. हात लटलट कापत होते, पण कापडाचा कोपरा मातीला लागू दिला नाहीस. बापाचं कापड मुलाने धरायचं, हा नेम आहे. मुलाचं कुणी धरायचं याचा नेम जुन्या माणसांनी करून ठेवलेला नाही. तशी पाळी येईल असं त्यांना वाटलं नसेल.

तर तू ये. एवढ्यासाठी पत्र आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. कापड धर आणि जा.

केळी यंदा बरी आहेत.

तुझी आई
(अंगठा तिचाच. रोझलिन)


२५ नोव्हेंबर २००१

फेबियन,

एमिलीचा फोन आला होता रोझलिनकडे. पत्र पोचलं म्हणाली. तू ऐकलंस, हात धुतलेस आणि म्हणालास, "हाडं काय बघायची आहेत?"

खरं आहे तुझं. शॉनही हेच म्हणायचा. 'हाडांत मऊ काही राहत नाही, आजी.' त्याचं म्हणणं, हाडांवरून उंची कळते, शेपटी कळते, पण कान कसे होते, आवाज कसा होता, कशाला घाबरायचा, ते सगळं कुजून जातं. ते बघितलेल्या माणसालाच माहीत. आणि ती जनावरं मेली तेव्हा बघायला माणूसच नव्हता.

तुला वाटेल म्हातारीला हे कुठून कळलं. शाळेतून त्याने एक पुस्तक आणलं होतं, नुसते सांगाडे. जुन्या काळातले सरडे, म्हणे, घराएवढे. मी म्हटलं, एवढा सरडा आपल्या वाडीत शिरला तर केळीचं एक पान ठेवील का? त्याला हसू आलं. मग पुस्तक मिटून म्हणाला, आजी, हे सगळे मेले. आपण एक जगवू.

मग आम्ही जगवला. तू तिकडे होतास. तुला यातलं काही माहीत नाही, म्हणून सांगते.

आपल्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत उभं राहिलं की समोर पाणीच पाणी दिसतं ना? तिथे एक जमीन आहे. फार मागे ती आपल्या भुईगावापासून तुटून निघून गेली, म्हणून तिच्यावरचे मेले नाहीत. तिथे राहतो तो. नाव खुड्या.

नाव मी ठेवलं. शॉन म्हणाला तो पाला खातो. मी म्हटलं, पाला म्हणजे काय एक वस्तू आहे का, म्हशीला विचार जा. पुस्तकात होता कसला तरी नेच्यासारखा झाडोरा, तेव्हा म्हणे गवतसुद्धा नव्हतं. मग हा आता जगायचा कसा? शॉन म्हणाला, इतकी वर्षं जगलाय म्हणजे बदललाच असणार, आता त्याला तू जे लावशील ते चालेल. लावायचं म्हटल्यावर मी हात आखडता घेते का? मी केळी लावली, नागवेली लावल्या. तर याचं तोंड मगरीसारखं. मी माझी नखी दाखवली त्याला, पानमळ्यात खुडताना अंगठ्यात घालते ती पत्र्याची. म्हटलं, वेल ओरबाडली तर पुढच्या वर्षी उपाशी मरशील. देठाशी टेकवायचं आणि खुडायचं. शॉनने काढलेलं तोंड पुसून टाकलं आणि पुढे नखीसारखी चोच काढली. कोळशाने, मागच्या भिंतीवर. मी आदल्या आठवड्यात चुना लावला होता त्या.

भांडणं फार व्हायची आमची. मी म्हटलं, खाऊन झालं की दुपारचा सावलीत बसून रवंथ करील. तो जमिनीवर लोळून हसला. सरडे रवंथ करत नाहीत म्हणे, त्यांना दाढाच नाहीत. म्हटलं, मग एवढा पाला पोटात तसाच राहून सडेल, दुसऱ्या दिवशी मरेल तुझा खुड्या. तेव्हा त्याने मला गोट्यांचं सांगितलं. असली जनावरं गोटे गिळायची. पोटात गोट्यावर गोटा घासतो आणि पाला वाटला जातो. पोटात पाटा-वरवंटाच म्हण. ते ऐकून मी हार मानली.

त्यानंतर त्याच्या खिशात गोटेच असायचे. किनाऱ्यावरचे काळे, गुळगुळीत. धुण्याच्या दगडावर चड्डी आपटली की खणकन आवाज. मी शिव्या घालायची. तो म्हणायचा, टाकू नकोस, ते खुड्याच्या पोटातले आहेत. लाखो वर्षांनी कुणी त्याला खणून काढलं तर हाडांच्या मध्ये हे सापडतील आणि त्यांना कळेल.

मी विचारलं, काय कळेल?

"तो कुणाला खात नव्हता."

आता एक सांगते, मग रोझलिनला सोडते, तिच्या चुलीवर भात आहे. त्या साली आपली विहीर खारी झाली. सगळ्यांच्याच झाल्या, टँकरवाल्यांनी एवढं ओढलं पाणी. तेव्हा खुड्याच्या विहिरी गोड ठेवणं शॉनला बरं वाटेना. तोही खारं पितो म्हणाला. जास्तीचं मीठ त्याच्या नाकातून बाहेर येतं आणि वाळलं की खाली पांढरी रेघ राहते. पुस्तकात होतं तसं, म्हणाला. असेल. पण ती रेघ मी त्याआधी बघितली होती. तुमची सुट्टी संपून तू आणि एमिली गेलात की दुसऱ्या दिवशी सकाळी ती शॉनच्या नाकाखाली असायची. मी पदर ओला करून पुसायला गेले तर तोंड फिरवलं.

"रडलो नाही, आजी. पाणीच खारं आहे."

हे हाडांत नाही सापडणार तुला.

तुझी आई


२९ डिसेंबर २००१

फेबियन,

नाताळ झाला. येशूचा गोठा मी यंदाही केला. मेंढरांच्या मागे खुड्या ठेवला, मातीचा. फादर आशीर्वाद द्यायला आले तर बघतच राहिले. विचारलं, हा उंट का? म्हटलं, हो फादर, लांबून आलाय.

एमिलीने फोनवर सांगितलं, तू मला काहीतरी विचारलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा. रोझलिनने रिसीव्हर माझ्या कानाला लावून धरला होता. मी एमिलीला दोनदा बोलायला लावलं, तुझेच शब्द आहेत का म्हणून. तू विचारलंस, "त्याचा रंग कोणता होता?"

पोरा, त्याला रंग नव्हता.

मी हिरवा सांगितला होता, पाल्यात दिसू नये म्हणून. मातकट सांगितला. सगळ्याला नाही म्हणाला. वर मला ऐकवलं की तुला रंगातलं काय कळतं, तू घराला चुनाच लावतेस. रंग पप्पा ठरवणार. पप्पा मस्कतला गाड्या रंगवतात, त्यांच्याकडे सगळे डबे आहेत. तू ऑगस्टमध्ये येणार होतास. तेव्हा भिंतीवरच्याला तुझ्या हाताने रंग लागणार होता, म्हणून त्याने आतून सगळा कोरा ठेवला होता. जुलैत ताप आला आणि कावीळ निघाली.

आता ते बोलून टाकते. रोझलिन म्हणते नको. तू लिही गं.

तू चौथ्या दिवशी आलास, मातीवर उभा राहिलास आणि मला म्हणालास, "माझ्यासाठी थांबली नाहीस." मग पाणीही न पिता गेलास. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण गल्ली जमली होती.

तुझा पासपोर्ट मालकाकडे होता. फोनवर तू म्हणालास, दोन दिवस लागतील, नाहीतर आठ. डॉक्टर म्हणाले, मुंबईला नेऊन बर्फाच्या खणात ठेवा, बाप येईपर्यंत. फेबियन, ते पोर जन्मात एकटं झोपलं नव्हतं. पाय माझ्या पाठीला लावून झोपायचा, उन्हाळ्यातसुद्धा. सगळे मेलेले अनोळखी, त्यांच्यात तो खणात. मी नाही म्हटलं. आज पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन. म्हणून मी माफी मागत नाही. तू मागायला लावलीस तरी रोझलिनच लिहील, माझ्या तोंडून यायची नाही.

पण तू रागावलास ते चूक होतं असंही म्हणत नाही मी. तुला त्याचं तोंड बघायचं होतं. माझ्याही डोळ्यांसमोर ते रोज येतं आणि मला रोज वाटतं, यातलं अर्धं फेबियनचं आहे, मी एकटीच वापरते आहे.

भिंतीवरचा खुड्या पावसाने गेला. मी चुना लावला नाही, तरी गेला. शेपटीचं टोक तेवढं छपराखाली आहे. एकदा आमचं अंड्यांवरून वाजलं होतं. शॉन म्हणाला, खुडी वाळूत अंडी घालून निघून जाते, सरडे तसंच करतात. मला ते आवडेना. म्हटलं, आपण जगवलाय ना, मग परत आण. त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, पिल्लं हाक मारतात. आवाज इतका खालचा की माणसाला ऐकू येत नाही, नुसता छातीला लागतो. तो पाण्याखालून जातो आणि बाप कुठेही असला तरी त्याला कळतं.

दर रविवारी मिस्सा झाली की किनाऱ्यावर उभा राहायचा, हनुवटी छातीला टेकवून, घशातल्या घशात घूंऽऽ करत. मला वाटायचं, खेळतोय.

तुझ्या छातीला कधी लागलं का काही? असंच विचारते.

तुझी आई


७ जानेवारी २००२

फेबियन,

काल तीन राजे झाले. येत्या शनिवारी सकाळची मिस्सा झाल्यावर उघडणार आहेत. एमिली म्हणाली, तू रजेचा अर्ज दिलास. रोझलिनने हे सांगितलं तेव्हा मी केळीला पाणी घालत होते, ते सगळं माझ्या पायावर गेलं.

तुझी गादी उन्हात टाकली आहे. कापूस गोळा झालाय, बडवून घेतला. सुकेळी काढून ठेवली आहेत. तुला आवडतात तशी, चिवट. माझे दात गेले म्हणून मऊ करत नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर मी दिवसभर वाडीत राहीन, तू घरात राहा. रात्री जेवताना मात्र ताटं एकाच खोलीत पडतील, त्याला माझा इलाज नाही. गॅस एकच आहे.

कापड मांजरपाटाचं आणलं, नवं. दोनदा धुऊन त्याची खळ काढली. हाताला मऊ लागलं पाहिजे तुझ्या.

विमान कुठलं ते कळव. नाही कळवलंस तरी दार उघडंच असतं.

तुझी आई


१३ जानेवारी २००२

फेबियन,

रजा मिळाली नाही असं एमिली म्हणाली. मी बरं म्हटलं. मालक आहे, नसेल देत. तिने ते पुन्हा सांगितलं, मी पुन्हा बरं म्हटलं. मग आम्ही दोघी नुसता रिसीव्हर धरून उभ्या राहिलो. वर पैसे पडत होते.

काल झालं सगळं. तुला सांगायचं कोणी, म्हणून मी सांगते. एमिली, याला बसव आणि आता तूही बस.

मिस्सेनंतर फादर होते, मी होते, रोझलिन होती आणि खणायला कृष्णा, मिठागरांकडचा. शनिवारी उजाडायच्या आधीच मी फाटकाशी जाऊन उभी राहिले होते. विमानं सकाळी उतरतात ना. रिक्षा वाजली की बघायची. दुधाची आली, माशांची आली. शेवटी फादर म्हणाले, सुरू करू या? मी म्हटलं, थोडं थांबा. ते थांबले. पुन्हा विचारलं तेव्हाही मीच म्हटलं, थांबा अजून. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी कापड उघडलं.

तेव्हा, पोरा, या वेळेला मी थांबले होते.

माती हलकी होती. पेटीचं फारसं काही राहिलं नव्हतं. पहिल्या कोम्युनियनला शिवलेला पांढरा कोट घालून ठेवला होता त्याला, त्याची बटणं तेवढी मिळाली. मी घाबरले होते, पण तसं काही नाही रे. इतकं स्वच्छ सगळं. हाडं नांगराच्या फाळासारखी पुसलेली. कृष्णा एकेक वर देत होता, मी कापडात घेत होते, आणि माझे हात तुझ्यासारखे कापत नव्हते. म्हातारपणी कापायचे ते नेमके काल स्थिर. पायाची हाडं लांब होती. बघून मनात आलं, उंच झाला असता, तुझ्यावर गेला असता.

मग कृष्णाचा हात मध्येच थांबला. तो खाली वाकला, मातीत चाचपलं आणि वर बघून म्हणाला, "आजी, याच्या पोटात गोटे कोनी घातले?"

काळे, गुळगुळीत. फासळ्यांच्या खाली दोन्ही बाजूंना दोन ढीग, जसेच्या तसे. कोटाचे खिसे कुजून गेले, ते राहिले.

मीच घातले होते. पेटी बंद करायच्या आधी, बाया रोझरी म्हणत होत्या तेव्हा. त्याच्या शाळेच्या चड्डीतून काढून त्या कोटाच्या खिशात. कुणाला बोलले नाही, फादर ओरडतील म्हणून. वाटेत लागतील त्याला, एवढंच माझ्या मनात होतं. पुढचं मी काही ठरवलं नव्हतं, खरंच. मी विसरूनसुद्धा गेले होते.

कृष्णा ते बाजूला टाकायला निघाला. फादरही म्हणाले, दगड राहू देत, आजी. म्हटलं, नाही फादर, ते त्याचेच आहेत. त्यांनी विचारलं, म्हणजे काय? आता या माणसाला कुठून सांगायला सुरुवात करू? मी एवढंच म्हटलं, "तो कुणाला खात नव्हता."

फादरांना काही कळलं नाही. पण माणूस भला. खाली वाकले आणि स्वतःच्या हाताने एकेक गोटा वेचून कापडात ठेवू लागले. झग्याला माती लागली त्यांच्या. रोझलिन तेव्हा मोठ्याने रडली, आत्ताही चष्मा पुसते आहे, अक्षर वाकडं आलं तर तिच्यावर जाईल.

विहिरीत सोडलं. आवाज आला. नुसत्या हाडांचा येत नाही एवढा.

तुझ्या बापाच्या शेजारी आहे म्हणून मी घरी आले. गादी गुंडाळून वर टाकली. सुकेळी होती, ती एमिलीची बहीण पॉलिन पुढच्या आठवड्यात मस्कतला येते आहे, तिच्याकडे दिली. पुडीत हाताला एक कठीण लागेल. ते सुकेळं नाही, चावू नकोस.

सगळे मी सोडले नाहीत. एक मागे ठेवला. पॉलिन विचारत होती, विमानतळावर दगड का नेते म्हणून विचारलं तर काय सांगू? म्हटलं, सांग, जावयाच्या सासूच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती म्हणाली, जावयाची सासू माझी आई आहे. मग म्हटलं, तर आईचं नाव सांग.

फेबियन, आतापर्यंतचं सगळं त्याचं झालं. चोच झाली, पोट झालं, मिठाची रेघ झाली, आवाज झाला. रंग तेवढा तुझ्यावर ठेवला होता, आणि तो मी ठरवणार नाही. तुझ्याकडे सगळे डबे आहेत. त्या गोट्याला लाव. कोणता ते लिहून कळवू नकोस, मला वाचता येत नाही. आणि टपालाने पाठवू नकोस.

नीट वाळू दे आणि घेऊन ये. कापड मी धरलं. हा विहिरीत तू सोड.

तुझी आई